नकार कोण देतो?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्करोगापुढे गरीब आणि श्रीमंत बरेचसे सारखे होते, कारण विकत घेण्याजोगे औषधच नव्हते. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३०च्या दशकाच्या आरंभी रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. देशातल्या सर्वांत धनवान घराण्यांपैकी एक त्यांच्या पाठीशी होते, युरोपातले डॉक्टर हाताशी होते. तरी त्या आजारावर देण्यासारखे कोणाकडेच काही नव्हते. पुढे टाटा ट्रस्टने परळला उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, तेव्हाही कर्करोगाविरुद्धची साधने दोनच होती, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. चित्र पालटले ते १९४८ साली. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या लहान मुलांना अमिनोप्टेरिन दिले आणि काही काळापुरता का होईना, रोग मागे हटला. ज्या प्रयोगशाळेतून हे रसायन आले, तिथले संशोधन चालवणारे होते भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. म्हणजे कर्करोगाच्या पहिल्या औषधांमागे एका भारतीयाची बुद्धी होती. पण औषध निर्माण झाले त्याच क्षणी एक नवा प्रश्नही जन्माला आला: ते कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही?

या प्रश्नाचे उत्तर सहसा दोन साच्यांत दिले जाते. श्रीमंत देशांत औषध मिळते, गरीब देशांत मिळत नाही, हा एक साचा. कंपन्या हावरट आहेत, हा दुसरा. दोन्हींत तथ्य आहे, पण गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास नीट पाहिला तर दोन्ही अपुरे पडतात. अमर्याद पैसा कोणत्याच आरोग्यव्यवस्थेकडे नसतो, त्यामुळे प्रत्येक व्यवस्था कोणाला ना कोणाला ‘नाही’ म्हणतेच. फरक पडतो तो हा नकार कोण देतो यावर. सरकारी समिती उघडपणे देते, की विमा कंपनीचा कारकून देतो, की रुग्णाचे स्वतःचे घर रात्री हिशेब मांडून देते? समितीच्या नकाराशी भांडता येते. घराने दिलेल्या नकाराची नोंदसुद्धा कुठे होत नाही. माझ्या मते औषधांच्या विषमतेचे मूळ इथे आहे, आणि भारताने किमतीची लढाई जिंकूनही रुग्ण वंचित राहिले त्याचे कारणही हेच आहे.

इमॅटिनिब या गोळीचा इतिहास यासाठी फार बोलका आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात एक विशिष्ट गुणसूत्र आखूड झालेले दिसते, हे १९६० साली फिलाडेल्फियात लक्षात आले. दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते म्हणून हे घडते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. त्या अदलाबदलीतून तयार होणाऱ्या प्रथिनाला नेमके अडवणारे रसायन नोव्हार्टिसच्या पूर्वसूरी कंपनीच्या प्रयोगशाळेत बनले, ऑरेगनच्या ब्रायन ड्रुकर यांनी ते रुग्णांवर तपासले आणि मे २००१ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. काही वर्षांत माणसाला संपवणारा आजार रोज एक-दोन गोळ्या घेऊन सांभाळण्याचा आजार झाला. कर्करोगाच्या इतिहासात इतका स्वच्छ विजय क्वचितच दिसतो. मात्र गोळी थांबवली की बहुतेकांचा आजार परत डोके वर काढतो, म्हणून ती वर्षानुवर्षे घ्यावी लागते. नोव्हार्टिस ही गोळी ग्लिवेक नावाने विके; भारतात तिचा खर्च महिन्याला साधारण १ लाख २० हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी महिन्याला ८ ते १० हजारांत मिळे.

ही दुसरी किंमत शक्य झाली ती एका कायद्यामुळे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९च्या अहवालाने दाखवून दिले होते की ब्रिटिशांच्या काळचा पेटंट कायदा भारतातल्या उद्योगाला नव्हे, परदेशी कंपन्यांच्या आयातीला पोसत होता. त्या अहवालावर उभा राहिलेला १९७०चा पेटंट कायदा १९७२ साली अमलात आला. औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेवर आणि तेही थोड्या वर्षांचे, असा त्याचा गाभा होता. कोणी वेगळ्या वाटेने तोच रेणू बनवला तर त्याला रोखता येत नसे. मुंबई, हैदराबाद, अहमदाबाद इथला औषधउद्योग या मोकळीकीवर वाढला. पुढे १९९५ साली जागतिक व्यापार संघटनेचा करार आला आणि १ जानेवारी २००५ पासून भारताला रेणूवरही पेटंट देणे भाग पडले. मात्र संसदेने कायद्यात बदल करताना कलम ३(ड) घातले: जुन्या पदार्थाचे नुसते नवे रूप हे संशोधन नव्हे; त्याने परिणामकारकता ठळकपणे वाढली तरच पेटंट मिळेल.

नोव्हार्टिसचा अर्ज याच कलमावर आपटला. इमॅटिनिबचा मूळ रेणू १९९५ पूर्वीचा, म्हणून कंपनीने त्याच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर पेटंट मागितले होते. दरम्यान २००३ मध्ये कंपनीला विक्रीचा तात्पुरता एकाधिकार मिळाला आणि काही भारतीय कंपन्यांच्या गोळ्या बाजारात अडल्या. त्याविरुद्ध उभी राहिली मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन, १९६९ पासून गरीब रुग्णांना मदत करणारी संस्था. औषधाच्या पेटंटला रुग्णांच्या संस्थेने हरकत घेणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला, २००७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कलमाविरुद्धचे आव्हान नाकारले, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी शेवटचा निकाल दिला. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे आजार बरा करण्याची परिणामकारकता. स्फटिक हाताळायला सोपा किंवा अधिक टिकाऊ असणे पुरेसे नाही, असा त्याचा अर्थ होता.

त्यावेळी कंपनीने मांडलेला एक आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. तिचे म्हणणे असे की भारतात ग्लिवेक घेणाऱ्या सुमारे ९५ टक्के रुग्णांना, म्हणजे १५ हजारांहून अधिक माणसांना, ते मोफतच मिळत होते. मग किमतीवरून एवढा गदारोळ कशाला? हा दानकार्यक्रम खरा होता आणि त्याने माणसे जगवली, हे नाकारणे अप्रामाणिक ठरेल. पण दान आणि हक्क यांतला भेद इथेच दिसतो. कार्यक्रमात कोण बसतो आणि कोण नाही, हे कंपनीने आखलेल्या निकषांवर ठरे. ज्याला तो नाकारला गेला त्याला दाद मागायला जागा नव्हती. कंपनी जोपर्यंत देते तोपर्यंतच दान चालते. शिवाय फुकट मिळणाऱ्या औषधाची छापील किंमत लाखाच्या वर राहिल्याने सरकारला ते आपल्या योजनेत घेण्याचा विचारही परवडला नसता. इतके असूनही हे मान्य करावे लागेल की कंपनीच्या निकषांत एक नियम तरी होता. बाजारात स्वस्त गोळी घ्यायला गेलेल्या रुग्णासाठी तर कसलाच नियम नव्हता.

त्या स्वस्ताईचा हिशेब क्वचित मांडला जातो. रंगराजन समितीने २०११-१२ साठी काढलेली दारिद्र्यरेषा शहरात माणशी महिन्याला १,४०७ रुपये आणि खेड्यात ९७२ रुपये होती. पाच जणांच्या शहरी कुटुंबाचा अन्न, कपडा, भाडे, शाळा असा सगळा खर्च त्या रेषेवर ७,०३५ रुपये होतो. म्हणजे वर्तमानपत्रांनी ज्या गोळीला ‘स्वस्त’ म्हटले, ती एका माणसासाठी घ्यायची तर रेषेवरच्या अख्ख्या कुटुंबाच्या महिन्याच्या खर्चाची रक्कमही पुरत नव्हती. लाखाचे आठ हजार झाल्याने मध्यमवर्ग नक्कीच वाचला. गोळीची किंमत नंतर आणखी उतरली हेही खरे. पण निकाल लागला तेव्हाच्या गरीब घरात नकार कायम होता, फक्त तो आता मोठ्या कंपनीच्या नावे नव्हता. तो घरातल्याच कोणीतरी दिलेला होता, आणि अनेकदा रुग्णाने स्वतःच.

सोराफेनिबच्या बाबतीत भारताने आणखी धीट पाऊल उचलले. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचे हे बायर कंपनीचे औषध नेक्सावर नावाने महिन्याला २,८०,४२८ रुपयांना विकले जाई, आणि गरजू रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत पोहोचत होते. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईतून आदेश काढून हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनवण्याची मुभा, दिला: १२० गोळ्या ८,८८० रुपयांना विकायच्या आणि बायरला ६ टक्के रॉयल्टी द्यायची. ती पुढे ७ टक्के झाली. दोन महिन्यांत सिप्लाने आपल्या सोराफेनिबची किंमत सुमारे २८ हजारांवरून ६,८४० वर आणली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आदेश कायम ठेवला. कायद्याच्या दृष्टीने हा मोठा विजय होता, आणि तरी त्याच दारिद्र्यरेषेशी ८,८८० हा आकडा ताडून पाहिला तर तीच अडचण समोर येते. शिवाय हा प्रयोग एकुलता राहिला. नंतरचे अर्ज फेटाळले गेले आणि भारतात औषधासाठी दिलेला सक्तीचा परवाना आजही तो एकच आहे.

इंग्लंडमध्ये गोष्ट उलटी घडली. तिथे १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे, रुग्ण खिशातून जवळपास काही देत नाही. पण कोणते औषध द्यायचे हे जिल्ह्याजिल्ह्यातली आरोग्य मंडळे ठरवत. १९९५ मध्ये केंब्रिजजवळच्या एका मंडळाने ल्युकेमिया झालेल्या दहा वर्षांच्या मुलीच्या ७५ हजार पौंडांच्या उपचाराला नकार दिला. उच्च न्यायालयाने मंडळाला फटकारले, अपील न्यायालयाने त्याच दिवशी मंडळाची बाजू घेतली, आणि देशभर प्रश्न उठला की हा नकार कोणत्या हिशेबाने दिला? एका गावात मिळणारे औषध शेजारच्या गावात मिळत नाही ही तक्रार तर जुनीच होती. त्यातून १९९९ साली ‘नाइस’ ही राष्ट्रीय संस्था आली. एका औषधाने निरोगी आयुष्याचे एक वर्ष वाढवायला किती खर्च येतो हे ती काढते. २० ते ३० हजार पौंडांच्या आत असेल तर दीर्घकाळ होकाराकडे कल असे. हिशेब छापला जातो, हरकती मागवल्या जातात, अपील करता येते. माणसाच्या आयुष्याला पौंडांत मोजणारी संस्था म्हणून तिला पुष्कळ शिव्या बसल्या. मला मात्र तिचे मोल नेमके तिथेच वाटते: मोजणी उघड्यावर होते.

हर्सेप्टिनच्या खटल्याने हे आणखी स्पष्ट केले. स्तनाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यावर हे औषध मिळावे म्हणून स्विंडनच्या एका रुग्ण महिलेने स्थानिक आरोग्य ट्रस्टला न्यायालयात खेचले. ट्रस्टचे म्हणणे असे की आपण पैशाचा विचार करत नाही, पण अपवादात्मक रुग्णांनाच औषध देऊ. अपवाद म्हणजे काय, ते मात्र त्याने सांगितले नाही. एप्रिल २००६ मध्ये अपील न्यायालयाने हे धोरण तर्कहीन ठरवले. पैसा हे कारण नसेल तर सारख्याच आजाराच्या दोन बायकांत भेद कशावरून करणार, असा न्यायालयाचा रोख होता. ट्रस्टने पैशाचे कारण प्रामाणिकपणे पुढे केले असते तर कदाचित तो जिंकलाही असता. काही महिन्यांत नाइसने ते औषध मान्य केले.

उघड नकार राजकारण्यांना मात्र पेलवत नाही. नाइसने नाकारलेली औषधे देता यावीत म्हणून इंग्लंडच्या सरकारने २०११ मध्ये वर्षाला २० कोटी पौंडांचा कर्करोग औषध निधी काढला. वेल्समध्ये असा निधी नव्हता, म्हणून तिथले काही रुग्ण सीमा ओलांडून इंग्लंडात राहायला गेले. हा निधी अंदाजपत्रकाबाहेर गेला आणि २०१६ मध्ये नाइसच्या ताब्यात देऊन मोडून पुन्हा बांधावा लागला. लंडनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये त्याचा ताळा घेतला, तेव्हा दिसले की ज्या ४७ उपयोगांसाठी पैसे दिले, त्यांपैकी केवळ १८ मध्ये आयुष्य वाढल्याचा संख्याशास्त्रीय पुरावा होता, आणि वाढ साधारण तीन महिन्यांची. उलट जिथे नाइस ठाम राहिली तिथे किंमत उतरली: कॅडसिला या औषधाची छापील किंमत रुग्णामागे ९० हजार पौंड होती, संस्थेने ते नाकारले, कंपनीने दर कमी केले आणि २०१७ मध्ये मान्यता मिळाली. मोठ्या खरेदीदाराचा ठाम नकार हा रुग्णाच्या बाजूचा असू शकतो, ही गोष्ट आपल्याकडे पचायला जड जाते.

अमेरिकेत तर औषधे सर्वांआधी येतात, आणि तरीही ती सर्वांना मिळत नाहीत. २००३च्या कायद्याने वृद्धांच्या सरकारी विम्याला औषधांच्या किमतीवर घासाघीस करण्यास मनाई केली. ती बंदी अंशतः उठली २०२२ मध्ये. तोपर्यंत इमॅटिनिबची वर्षाची किंमत २००१ मधल्या सुमारे ३० हजार डॉलरवरून २०१२ मध्ये ९२ हजारांवर गेली होती. औषध तेच, कंपनी तीच. २०१३ मध्ये या आजाराच्या शंभराहून अधिक तज्ज्ञांनी मिळून याविरुद्ध लेख लिहिला. किंमत संशोधनाचा खर्च भरून काढण्यासाठी असते, म्हणून ती तोडली तर नवी औषधे येणे थांबेल, हा नेहमीचा आक्षेप या आकड्यांपुढे लंगडा पडतो. संशोधनाचा खर्च २००१ नंतर तिप्पट झाला नव्हता. शिवाय ज्या रुग्णाला लाखाची गोळी कधीच घेता येणार नव्हती, त्याने आठ हजारांची घेतली म्हणून कंपनीचा फारसा महसूल बुडत नाही. आक्षेपाचा एक भाग मात्र शिल्लक राहतो: सगळ्याच देशांनी फक्त उत्पादनखर्च दिला तर संशोधनाला पैसा कोण देणार? त्याचे उत्तर श्रीमंत देशांनी अधिक द्यावे आणि सार्वजनिक पैशाने झालेल्या मूलभूत संशोधनाचा मोबदला किमतीत वळता करून घ्यावा, असेच असू शकते.

किंमत पाडण्याचा कायदा आणि पैसे भरणारा खरेदीदार, ही दोन्ही हत्यारे एकाच हातात आली तर काय होते ते थायलंडने दाखवले. तिथे २००२ पासून सर्व नागरिकांसाठी सरकारी आरोग्यसंरक्षण आहे. जानेवारी २००८ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी डोसेटॅक्सेल, लेट्रोझोल आणि एर्लोटिनिब या कर्करोगाच्या औषधांवर सरकारी परवाने काढले. इमॅटिनिबचा परवानाही तयार होता, पण नोव्हार्टिसने सरकारी योजनेतल्या रुग्णांना ते मोफत देण्याचे कबूल केल्यावर तो मागे ठेवला गेला. भारतात त्याच कंपनीने दिले ते दान होते, थायलंडमध्ये दिली ती तडजोड होती. कारण समोर लाखो रुग्णांच्या वतीने बोलणारे सरकार बसले होते.

भारताने या दिशेने काही केले नाही असे नाही. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये राष्ट्रीय कर्करोग ग्रिड स्थापन झाले. त्यातल्या २३ रुग्णालयांनी ४० औषधांची एकत्र खरेदी केली, तेव्हा किमती साधारण ८२ टक्क्यांनी उतरल्या. टाटा मेमोरियलमध्येच डोके आणि मानेच्या कर्करोगावर निव्होलुमॅब या महागड्या औषधाच्या नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून २० मिलिग्रॅम मात्रा इतर औषधांच्या जोडीने तपासली गेली आणि वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. असा प्रयोग कंपनीने कधीच केला नसता. उलट २०२४ च्या अंदाजपत्रकात तीन महागड्या औषधांवरचे सीमाशुल्क माफ झाले त्याचा गाजावाजा मोठा, पण लाखांच्या औषधावरची दहा टक्के सूट गरिबाला दारापर्यंतही आणत नाही. या देशात निदान उशिरा होते, मॉर्फिन मिळत नाही, किरणोपचाराची यंत्रे अपुरी आहेत, तिथे नव्या औषधांवर पैसा का घालवायचा, असाही आक्षेप आहे. तो निम्मा बरोबर आहे. इमॅटिनिब आणि तीन महिने देणारे औषध यांना एका तागडीत तोलू नये. पण हे तोलण्याचे काम कोणीतरी बसून, आकडे मांडून करायचे असते. ते न करता सगळीच औषधे कुटुंबावर सोडणे म्हणजे प्राधान्य ठरवणे नव्हे.

महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी आरोग्य योजना हा आपल्याकडचा खरेदीदार. तिचे संरक्षण दीर्घकाळ कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपये होते. ट्रास्टुझुमॅबची, म्हणजे हर्सेप्टिनमधल्याच औषधाची, पहिली भारतीय आवृत्ती २०१४ मध्ये आली ती ४४० मिलिग्रॅमच्या कुपीला ५७,५०० रुपये दराने, आणि वर्षभराच्या उपचाराला अशा दहाहून अधिक कुप्या लागतात. जिवंत पेशींपासून बनणाऱ्या अशा जैविक औषधांची किंमत गोळ्यांसारखी नव्वद टक्के उतरत नाही, हा धडाही त्यातच मिळाला. संरक्षण नंतर ५ लाखांपर्यंत वाढले, हे चांगलेच झाले. औषधांचे मोल ठरवणारी यंत्रणाही केंद्राने २०१७ मध्ये उभी केली आहे, पण तिची शिफारस कोणत्याही राज्यावर बंधनकारक नाही. योजनेच्या पॅकेजांची यादी पाहायला मिळते. एखादे औषध त्या यादीत का नाही, हे मात्र रुग्णाला कळत नाही. राज्य सरकारने एवढे तरी करावे: कर्करोगाच्या प्रत्येक नव्या औषधावर होकार की नकार ते ठरवावे, नकाराची कारणे मराठीत छापावीत, आणि त्यावर हरकत घेण्याची मुदत रुग्णांना आणि डॉक्टरांना द्यावी.